काकूंनी कुणाकडून आणलं?

मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावाला गेलो आणि जाताना मी शहाणपणा करून फ्रिज बंद करून गेले. बिल वाचवायचं होतं. परत आल्यावर दार उघडलं तर आतून जो भपकारा आला त्याचं वर्णन नको, पण मागच्या कोपऱ्यात छोट्या स्टीलच्या डबीत विरजण ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर हिरवट-गुलाबी बुरशीची मऊ लव आली होती, बाळाच्या टाळूवर असते ना तशी. डबी घासायला टाकली आणि लेकीला म्हटलं, जा, समोरच्या काकूंकडून चमचाभर विरजण घेऊन ये. लेक सात वर्षांची आहे. ती गेली, आली, हातात वाटी आणि वाटीवर दुसरी वाटी उपडी. मी ओट्याशी दूध तापवत उभी. बॅगा हॉलमध्ये तशाच पडलेल्या, फोन वाजतोय, कामवाल्या मावशी दारात. आणि हिने विचारलं, "आई, काकूंनी कुणाकडून आणलं?" मी म्हटलं, त्यांच्या सासूबाईंकडून असेल. "आणि त्यांनी?" त्यांच्या सासूबाईंकडून. "आणि त्यांनी?" त्यांच्या. "मग जिने सगळ्यात पहिल्यांदा दही लावलं तिने कुणाकडून आणलं?" मी म्हटलं, "गप्प बस गं जरा, डोकं नको खाऊ."

ती गप्प बसली. दूध उतू गेलंच.

आता यात लागून राहण्यासारखं काही नाही, दिवसातून दहा वेळा म्हणतो आपण हे मुलांना. पण मला ते लागून राहिलं, कारण हाच प्रश्न मी माझ्या आजीला विचारलेला होता आणि तो मी साफ विसरून गेले होते. वाईचं घर, माजघरात अंधार, शिंक्याला टांगलेलं दह्याचं गाडगं. आजी दुधात करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायची, दहा होईपर्यंत बोट आत ठेवता आलं तर दूध बरोबर कोमट, नाहीतर अजून थांबायचं. मग ओंजळीत लपवल्यासारखं विरजण घालायची आणि दोनदा, फक्त दोनदा, उलथ्याने फिरवायची. गाडगं पाणी शोषून घेतं त्यामुळे सकाळी दही असं कवडीसारखं लागलेलं असायचं की चमचा उभा राहील, आणि त्याला ओल्या मातीचा आणि थोडा धुराचा वास. दिवेलागणीनंतर कुणी विरजण मागायला आलं तर आजी द्यायची नाही. म्हणजे माणूस किती का जवळचं असेना, "सकाळी या" म्हणायची. तिचं विरजण तिच्या माहेरचं होतं, १९५१ साली लग्न होऊन आली तेव्हा कडीच्या डब्यात घालून आईने बरोबर दिलेलं, असं ती सांगायची, म्हणजे दागिने काय दिले ते तिने मला कधी सांगितलं नाही पण हे सांगितलं. तर मी विचारलं, तुझ्या आईला कुणी दिलं? तिच्या आईने. आणि तिला? एका पॉइंटला आजी कंटाळून गवळणींवर गेली, गवळणींवरून यशोदेवर. "आणि यशोदेला?" "झोप आता." आमच्या घरात विश्वातले सगळे प्रश्न शेवटी 'झोप आता'पाशी येऊन थांबायचे.

म्हणजे मी आजीपेक्षा वाईट निघाले. आजी निदान यशोदेपर्यंत गेली, मी तीन सासवांमध्ये दम सोडला.

दोन दिवसांनी मी स्वतःहून लेकीला म्हटलं, चल, आपण पहिलं विरजण करू. कुणाकडून न आणता. हिरव्या मिरचीच्या देठांनी दही लागतं हे आईकडून ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं, कारण चमचाभर विरजण शेजारी मिळत असताना कोण कशाला करेल. दोन वाट्या दूध तापवून कोमट केलं, करंगळी, दहा आकडे, लेकीची करंगळी, तिचे आकडे जरा फास्ट. सहा मिरच्यांचे देठ काढून त्या दुधात टाकले. देठ धुवायचे की नाही यावर दोन पक्ष आहेत, मी धुतले नाहीत, कारण आपल्याला हवंय ते त्या देठावरच बसलेलं असणार, तेच धुऊन काय टाकायचं. झाकण ठेवलं, वर टॉवेल गुंडाळला. सकाळी अकरा तासांनी उघडलं तर एक विचित्र प्रकार. वरून जाडसर, चमचा घातला की तार सुटतेय, खाली पातळच, आणि वास निम्मा दह्याचा निम्मा कच्च्या मिरचीचा. लेकीने बोटाने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "दही नाहीये. पण दूध पण नाहीये."

मग त्यातलंच चमचाभर नव्या दुधात घातलं. ते जरा बरं लागलं. त्यातलं पुन्हा तिसऱ्या दुधात, ते मात्र व्यवस्थित, आंबटपणा थोडा जास्त पण दही म्हणून कुणालाही वाढावं असं. मी विजयी मुद्रेने म्हटलं, हे बघ, झालं पहिलं दही! तर ती म्हणे हे पहिलं कुठंय, तिसरं आहे. बरं मग दुसरं? ते अर्धवट होतं. मग पहिलं? ते दही नव्हतंच. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून बराच वेळ वाद घातला, दही नक्की कितव्या वाटीत झालं, आणि खरंच ठरवता आलं नाही. मला वाटतं इथेच ती सगळ्यात पहिली बाई हातातून निसटते. तिने एक दिवस दही लावलं असं झालंच नसणार, तिचं दूध एक दिवस नासलं पण जरा बऱ्यापैकी नासलं, एवढंच.

आता मिरचीत एक गोची आहे. मिरची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली, त्याआधी आपला ठेचा कशाचा होता देव जाणे. म्हणजे देठाची युक्ती कितीही आजीबाईची वाटली तरी तिचं वय फार तर पाचशे वर्षं, आणि दही तर वेदांत आहे. कॉलेजमधली एक मैत्रीण संस्कृत शिकवते, तिला फोनवर सहज हे बोलले तर ती हसायलाच लागली. म्हणाली, अगं तैत्तिरीय संहितेत चक्क यादी आहे, यज्ञासाठी दूध कशाकशाने विरजता येतं त्याची! पूतीक नावाची वेल, पळसाची साल, बोरासारखं एक फळ, तांदळाचे दाणे, आणि प्रत्येकाने विरजलेलं दही कुठल्या देवाचं तेही लिहिलंय, बोरांचं केलंत तर ते राक्षसांचं. आणि शेवटी निर्णय काय, तर दह्यानेच विरजावं, ते इंद्राचं. मी फोन हातात धरून गप्पच. म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओट्याशी उभं राहून, ओटा नसेल, पण उभं राहून हेच करून बघितलं होतं, पळसाने बघू, बोराने बघू, आणि मग दमून म्हटलं असेल की जाऊ दे, शेजारून चमचाभर आणा.

देठावर, सालीवर, तांदळावर बसलेले असतात ते जिवाणू. दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करणारे, त्या आम्लाने दूध घट्ट होतं. स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली दह्यातला एक जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला, त्याचं नावही बल्गेरियावरूनच पडलं. शंभर वर्षांनी त्या जिवाणूची जनुकं वाचली तेव्हा असं दिसलं की त्यातली बरीचशी मोडून पडलीयत, अर्धवट राहिलीयत, आणि त्यावरून अंदाज असा की याचे पूर्वज झाडपाल्यावर राहायचे. दुधात आल्यावर आयतं मिळायला लागलं आणि जुनी हत्यारं गंजली. हे वाचून मला उगाच आपल्या शहरात आलेल्या सगळ्यांची आठवण झाली, घरात विळा असतो पण कुणाला धरता येत नाही. असो. तर दह्याच्या आधी झाडपाला. आणि झाडपाल्याच्या आधी? तो जिवाणू कुठून आला, तर दुसऱ्या जिवाणूपासून. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच येते, हे १८५५ पासून पुस्तकात ठणकावून लिहिलेलं आहे, आणि ज्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं त्याच पुस्तकात दोन धड्यांनंतर पहिली पेशी समुद्रात कशी तयार झाली असावी याचा धडा असतो. शाळेत मला हे कधी खटकलंच नाही. मार्क मिळाले ना, झालं.

त्या रविवारी बाबा आले होते. लेक त्यांना आबा म्हणते. बाबा चिंचवडला एका कारखान्यात टर्नर होते, तीसेक वर्षं लेथवर, म्हणजे धातूचा रॉड फिरवत ठेवून कापायच्या मशीनवर, काढली, अजूनही त्यांच्या हाताला कटिंग ऑइलचा वास येतो असा मला भास होतो. लेकीने त्यांना विरजणाचा किस्सा सांगितला. दह्यात त्यांना काही इंटरेस्ट नाही पण म्हणाले, आमच्यात पण आहे हे. लेथच्या पुढच्या अंगाला एक लांबलचक स्क्रू असतो, लीड स्क्रू. तो फिरेल तसं टूल सरकतं, म्हणून नव्या रॉडवर एकसारखे आटे पडतात. मग तो लीड स्क्रू कशावर बनवला? दुसऱ्या लेथवर. त्याचा लीड स्क्रू? तिसऱ्या. बाबा नवीन नवीन कामाला लागले तेव्हा त्यांनी हे फोरमनला विचारलं होतं आणि फोरमन म्हणाला होता, मशीन रिकामं चाललंय. (म्हणजे झोप आता, फक्त उलटं.) पुढे त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं की १८००च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली नावाच्या कारागिराने हे काम मार्गी लावलं. पण त्यालाही पहिला स्क्रू लेथशिवायच करावा लागला. "कसा?" लेक. बाबांनी पेपरचा एक काटकोनी त्रिकोण कापला, पेन्सिलीला घट्ट गुंडाळला, तिरकी कड वर चढत चढत गेली आणि पेन्सिलीवर आटे दिसायला लागले. "आता या रेघेवरून कानस मारायची. हाताने. वाकडातिकडाच येणार तो, पण त्याच्यावर लांब नट बसवला ना, की इकडची चूक तिकडच्या चुकीत विरते आणि पुढचा स्क्रू याच्यापेक्षा जरा बरा येतो." 'विरते' म्हणाले ते. मुद्दाम नाही, त्यांच्या तोंडात तो शब्द आहेच. लेक त्या पेन्सिलीकडे इतका वेळ बघत बसली की बाबांचा चहा निवला. पेन्सिल अजून तशीच आहे, कागद सुटू नये म्हणून तिने सेलोटेप लावलाय. आणि हापूसचंही तेच की, झाडामागून झाड, कलमावरून कलम, पण पहिला जो होता तो कलमाचा नव्हताच, कुठल्यातरी कोयीतून आपसूक उगवलेला. म्हणजे रायवळ. देवगडकरांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

हे सगळं छान आहे. पण फसवं आहे.

कारण वाकड्यातून सरळ, नासलेल्यातून दही, हे उत्तर एका मर्यादेपर्यंतच चालतं, तिथे काहीतरी आधीपासून असावं लागतं, दूध, लोखंड, निदान कागद. पोरं मात्र तिथे थांबत नाहीत. रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज आला, "आणि सगळ्यात सगळ्यात पहिलं काय होतं?" मला गार्गी आठवली. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला विचारत सुटलेली, हे सगळं पाण्यावर विणलंय तर पाणी कशावर, वारा कशावर, अंतराळ कशावर, एकेक पायरी चढत ब्रह्मलोकापर्यंत पोचली आणि म्हणाली, मग ब्रह्मलोक कशावर? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाले, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. शाळेत हे शिकवताना बाईंनी याज्ञवल्क्य किती मोठे ते सांगितलं होतं. मला आता ते वाक्य वेगळंच ऐकू येतं. ते 'डोकं नको खाऊ'च आहे, फक्त डोकं बदललंय. पण एक गोष्ट बाईंनी सांगितली नव्हती की गार्गी गप्प बसते आणि त्याच सभेत थोड्या वेळाने पुन्हा उठते, म्हणते मला अजून दोन प्रश्न विचारायचेत. त्या दोन प्रश्नांना मात्र तिला नीट उत्तर मिळतं. आपल्याकडच्या तर्कवाल्यांनी या न संपणाऱ्या शिडीला 'अनवस्था' नाव देऊन तिला दोषात टाकलं, वादात समोरच्याला अनवस्थेत ढकललं की तुम्ही जिंकलात. फक्त बी आणि अंकुराला त्यांनी सूट दिली, तिथे मागे मागे जात राहणं चालतं म्हणाले, कारण ते डोळ्यांसमोर दिसतंय. ही सूट मला फार आवडते, वाद घालून दमलेली माणसं शेवटी अंगणात बघतात.

अंधारात मी लेकीला काय सांगितलं असेल? बिग बँग. एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी वगैरे. आणि बोलता बोलता मला ते पोस्टकार्ड आठवलं. जयंत नारळीकर मुलांना सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. मी सातवीत होते. वाईच्या पोस्टातून कार्ड आणलं, पत्ता घातला, 'बिग बँगच्या आधी काय होतं?' एवढं शाईने लिहिलं आणि ते मोठ्या भावाने वाचलं. तो इतका हसला की विचारू नका, म्हणाला आधी म्हणजे काय, वेळच नव्हता तर आधी कुठून, एवढं पण माहीत नाही. मी कार्ड फाडलं नाही, भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक रद्दीत गेलं. खूप वर्षांनी मला कळलं की तो प्रश्न पाठवायला जगात त्यांच्याइतका योग्य माणूस सापडला नसता. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाबरोबर काम करून त्यांनी विश्वाला सुरुवातच नाही अशा बाजूने हयातभर मांडणी केली. 'बिग बँग' हे नाव हॉइलनेच १९४९ साली रेडिओवर बोलताना वापरलं, स्वतःला न पटणाऱ्या कल्पनेला, आणि तेच चिकटलं. १९६५मध्ये आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येणारी, त्या तापलेल्या सुरुवातीची उरलेली मंद ऊब सापडल्यावर बहुतेकांनी सुरुवातवाल्यांचा झेंडा घेतला, नारळीकर मात्र नव्या दुरुस्त्या करत, १९९३मध्ये हॉइल आणि बर्बिजसोबत वेगळं मॉडेल मांडत, थोड्या लोकांच्या बाजूला उभे राहिले. ते बरोबर होते असं मी म्हणत नाही, पुरावा दुसरीकडे आहे आणि मला त्यातलं गणित कळत नाही. पण २०२५च्या मे महिन्यात ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा मला पहिलं काय आठवलं असेल तर निळी शाई आणि भावाचं हसणं.

"वेळच नव्हता तर आधी कुठून," हे मी त्या रात्री लेकीला सांगितलं नाही, तेवढी अक्कल होती. मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "कुणालाच नाही?" कुणालाच नाही. तिला हे फार आवडलं. म्हणजे मला वाटलं होतं ती हिरमुसेल, तर ती उलट अंथरुणात उठून बसली, कुणालाच माहीत नसलेली गोष्ट आपल्यालाही माहीत नाही याचा तिला कसला तरी आनंद झाला होता. झोप आता, मी म्हटलं. म्हणावंच लागतं, सकाळी साडेसहाची बस असते.

तेव्हापासून फ्रिजमध्ये दोन डब्या होत्या. एक काकूंच्या विरजणाची, एक देठाची. तिने मार्करने लिहिलेलं, 'काकू' आणि 'आपलं'. मार्कर स्टीलवर टिकत नाही, चार धुण्यांत गेला. मी बापडी पुढे असेल ती डबी घेऊन दही लावत राहिले आणि हळूहळू एक डबी कुठली हे फक्त लेकीला माहीत होतं, तिच्या म्हणे झाकणाला एक पोचा होता त्यावरून.

गेल्या आठवड्यात बेल वाजली. समोरच्या काकू, हातात वाटी, डोळे जरा ओलेच. त्यांच्याकडे पाहुणे होते, दही चाटूनपुसून संपलं, विरजणापुरतं काढून ठेवायला सुनेला सांगायचं राहिलं. "बत्तीस वर्षं सांभाळलं हो सासूबाईंचं," म्हणाल्या, "मग आठवलं, तुमच्या पोरीला दिलं होतं मे महिन्यात. आहे ना अजून?" आहे की, म्हटलं, आणि लेकीला हाक मारली. ती धावत गेली, चमचा वाजला, वाटीवर वाटी उपडी घालून घेऊन आली. संध्याकाळचे साडेसात वाजलेले, आजीने दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लिफ्टपाशी भेटल्या, एकदम खुशीत. "अगदी सासूबाईंची चव," म्हणाल्या, "तुमच्याकडे होतं म्हणून वाचलं." मी हसले. लेकीने माझा ड्रेस ओढला आणि जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू म्हणाली, "आई, मी पोचेवाली दिली. देठाची."

मी तिला डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं.